मधला आकडा

दर शनिवारी दुपारी चार वाजता संशोधन केंद्राच्या भिंतीवरच्या पडद्यावर सात स्वयंसेवकांची नावं उमटत, आणि दर शनिवारी मोरेश्वर पारकर ती अजिबात बघायची नाहीत असं ठरवून सगळ्यांच्या आधी तिथे हजर असे. सन २०४१च्या जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारीही तो पहिल्या रांगेत खुर्ची ओढून बसला. त्याने चष्मा पुसला आणि लगेच पुन्हा पुसला.

यादी उमटली. पहिलं नाव कुंदा वाईरकर, फैलाव चार मिलिमीटर. दुसरं मोरेश्वर पारकर, फैलाव आठ मिलिमीटर.

"वा, छान," पारकर मोठ्याने म्हणाला. मनात जे म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पारकरने तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढली होती. बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले भाऊ त्याने साखळी टाकली की गप्प होत. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो या केंद्रात स्वयंसेवक झाला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाण्याखाली जायला शिकला, आणि गेली अकरा वर्षं कोळंबखाडीच्या मुखाशी नऊ मीटर खोल वाळूत रुतलेलं तीनशे वर्षांपूर्वीचं सागवानी जहाज मोजत होता. त्यातली दहा वर्षं यादीतलं पहिलं नाव त्याचं होतं. मग गेल्या वर्षी कुंदा आली. बाजाराच्या गल्लीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. खाडीकाठी वाढलेली, त्यामुळे पोहणं पक्कं. पण मोजमापाचं शिक्षण म्हणाल तर शून्य. बारा महिन्यांत ती पारकरच्या डोक्यावर जाऊन बसली होती.

एरवी पारकरने हेही गिळलं असतं, पण हा हंगाम शेवटचा होता. सागवान वाळूखाली टिकतं, उघडं पडलं की समुद्री किडे ते पोखरतात. म्हणून मोजणी संपली की सगळं जहाज जाड कापडाखाली आणि वाळूखाली पुन्हा गाडून टाकायचं, निदान शंभर वर्षांसाठी, असं ठरलं होतं. त्याआधी एकदाच, दोन तासांसाठी, त्याची बंद पोटकोठी उघडली जाणार होती. केंद्रप्रमुख डॉ. मृणालिनी डिंगणकर आत जाणार, आणि त्यांच्यासोबत एकच स्वयंसेवक. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी यादीत ज्याचं नाव वर, तो. त्याला यायचं नसेल तर दुसऱ्या नावाचा.

अकरा वर्षं पारकर त्या कोठीच्या भिंतीला बाहेरून हात लावून परत येत होता. ती आतून बघायची आणि मगच पाण्याला रामराम ठोकायचा, एवढी एकच इच्छा त्याने धरली होती. आणि आता तिथे एक शिंपीण जाणार होती.

"मॅडम," सगळे चहाला पांगल्यावर तो म्हणाला, "हे फैलाव प्रकरण जरा पुन्हा समजावून सांगा."

डॉ. डिंगणकरांनी हे त्याला आधी चार वेळा सांगितलं होतं. बाईंचा स्वभाव शांत, पाचव्यांदाही त्यांनी फळ्यावर चार ठिपके काढले.

"हे चार खिळे. जहाजाच्या लाकडात ठोकलेले. चार खिळ्यांमधली अंतरं किती होतील?"

"सहा."

"त्यांतली पाच मोजली की सहावं आपोआप ठरतं. सहावंही मोजलंत आणि ते जुळलं नाही, तर कुणीतरी चुकलंय. आपले खिळे दोनशे आहेत. अंतरं हजारांवर. प्रत्येक अंतर दोघांनी मोजलेलं. या सगळ्याचं जाळं विणलं की खरं माप आधी माहीत नसतानाही जाळेगणित सांगू शकतं की ओढ कुणाच्या आकड्यांमुळे पडतेय."

"पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो ना. मी मोजपट्टी जरा ताणून धरतो, कुणी ढिली धरत असेल."

"दर वेळी सारखीच ताणत असाल तर काही बिघडत नाही. तो तुमचा कायमचा कल. गणित तो ओळखतं आणि वजा करून टाकतं. उरतो तो फैलाव. आज जास्त ताणली, उद्या कमी, असं जे होतं ते. ते कुणालाच वजा करता येत नाही. तुमचा फैलाव आठ आहे आणि वाईरकरबाईंचा चार. पाण्याखाली आठ हा उत्तम आकडा आहे, पारकरसाहेब."

"उत्तमच आहे," पारकर म्हणाला. "म्हणून तर दुसरा आलोय."

यंत्रांनी हे काम का करू नये, असं नवे लोक विचारत. पण खाडीच्या तोंडाचं पाणी इतकं गढूळ की हातभर लांबचं दिसत नसे. तिथे कॅमेरे आंधळे होते, आणि ध्वनिलहरींना लाकूड आणि घट्ट गाळ यांतला फरक कळत नव्हता. तेव्हा चाचपडत खिळा शोधायचा, पट्टी लावायची, डोळ्याजवळ आणून वाचायची आणि पांढऱ्या पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायची, हाच मार्ग होता. पाठीवरचं श्वासचक्र सोडलेला श्वास स्वच्छ करून परत देई, त्यामुळे दोन-दोन तास खाली राहता येई. वर आल्यावर पाट्या गोड्या पाण्याने धुऊन पडवीतल्या सुंभावर अडकवल्या जात. मग चहा, घावणे, आणि नंतर एकेकाने आत जाऊन आपापले आकडे जाळेगणितात भरायचे. नियम एकच: आपली नोंद होईपर्यंत दुसऱ्याची पाटी वाचायची नाही.

पाट्या धुण्याचं काम कुंदाने आल्या दिवसापासून आपणहून उचललं होतं. पारकरला ते पुढेपुढे करणं वाटे. ती त्याला 'काकानू' म्हणे, त्याच्या चहात साखर कमी घाली, बोटीत त्याची जागा राखून ठेवी. यातलं प्रत्येक कृत्य त्याला डिवचण्यासाठी केलेलं आहे, अशी त्याची खात्री झाली होती. पहिल्या नंबरच्या माणसाने दुसऱ्या नंबरच्या माणसाशी इतकं गोड वागावं, याचा दुसरा अर्थ काय निघतो?

त्या रविवारी पारकरने बसून हिशेब मांडला. कुंदा आणि तो जोडीदार होते. दोघांच्या वाट्याला तेच खिळे, फक्त उतरायच्या वेळा वेगळ्या. त्याने आपल्या आकड्यांत वाटेल तसे बदल केले तर त्याचाच फैलाव वाढणार, हे उघड होतं. पण त्याने एखादा खिळा पाटीवर अंगठाभर सरकवला तर? म्हणजे त्या खिळ्यापासूनची आपली सगळी अंतरं अशी लिहायची की जणू तो खरोखरच चोवीस मिलिमीटर नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे आहे. सगळी अंतरं आपसात चोख जुळतील. जाळेगणिताला दोन सुसंगत साक्षी दिसतील, एक अकरा वर्षांची आणि एक वर्षाची. वर्षाची खोटी ठरेल. तीस वर्षं लोकांच्या खुणेचे दगड सरकवल्याच्या तक्रारी ज्याने निवारल्या, त्यालाच हे सुचलं. त्याला थोडी लाज वाटली, पण ती सोमवारपर्यंतही टिकली नाही.

सोमवारी त्याने एकतिसावा खिळा नाळेकडे सरकवला, बुधवारी चाळिसावा मागच्या टोकाला, वरामाकडे, आणि शुक्रवारी बावन्नावा वर. खरे आकडे त्याने घरच्या वहीत लिहून ठेवले, कारण खरं माप कुठेच लिहिलं नाही तर मोजणीदाराला झोप लागत नाही.

शनिवारी चार वाजता यादी उमटली. कुंदा चारावरून सहावर गेली होती. पारकर आठावरच होता. घसरण झाली होती खरी, पण त्याच्या अंदाजाच्या निम्मीच, आणि पहिलं नाव अजून तिचंच होतं.

हे कसं झालं ते त्याला कळेना. नोंद झाली की सगळ्यांचे आकडे सगळ्यांना खुले असत. त्याने कुंदाच्या नोंदी उघडल्या आणि एकतिसावा खिळा शोधला. तिच्या आकड्यांप्रमाणे तो नाळेकडे बारा मिलिमीटर सरकलेला होता. चाळिसावा वरामाकडे, बारा. बावन्नावा वर, बारा.

खिळे सागवानात जसेच्या तसे घट्ट होते. सरकले होते ते फक्त त्याच्या पाटीवर. मग तिच्या आकड्यांत ते अर्धे कसे सरकले? एकच उत्तर होतं. ती त्याची पाटी वाचत होती आणि त्याच्या नि आपल्या आकड्याचा मध्य काढून भरत होती.

त्याला इतका आनंद झाला की तो खुर्चीतून उठून पडवीत दोन फेऱ्या मारून आला. तिचा चार म्हणजे त्याचीच कमाई! आणि फेऱ्या मारता मारताच दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तिची लबाडी जगात फक्त एकाच माणसाला दिसू शकत होती. ज्याला खिळा कुठे खोटा लिहिलाय ते माहीत आहे, त्यालाच. तिला उघडं पाडायचं तर आधी स्वतः उघडं पडायला हवं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण जळफळाट शहाणपणाला विचारून पुढे जात नाही. आपण दुसरे आहोत हे पारकर एक वर्ष सोसत होता; आपणच पहिले आहोत आणि ते कुणाला माहीत नाही, हे त्याला एक रात्रही सोसवलं नाही. रविवारी सकाळी वही काखेत मारून तो डॉ. डिंगणकरांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

बाईंनी वही चाळली. रागावण्याचीही त्यांची रीत शांतच होती. "तीन खिळे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांच्या कामात तुम्ही स्वतःच्या हाताने तीन खोटे खिळे घातलेत."

"घातले. आठवडाभराची माझी चूक, मान्य. पण तिची वर्षाची आहे! मॅडम, तो चार तिचा नाहीच. तो माझ्या आठामुळे आलाय."

"असं होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "दोन माणसं वेगवेगळी मोजतात तेव्हा एकाची चूक जास्तीकडे असते त्या वेळी दुसऱ्याची कमीकडे असण्याचा संभव असतो. मध्य काढला की चुका एकमेकींना काही प्रमाणात खातात. दोघांचा फैलाव आठ-आठ असेल तर मध्याचा साधारण साडेपाच येईल."

"बघा! मीच तिला वर चढवलं."

"साडेपाच, पारकरसाहेब. तिचा चार आहे." त्यांनी फळा पुसून एक समीकरण मांडलं. "आपण हे सोडवू शकतो. तिची प्रत्येक नोंद म्हणजे तिचा स्वतःचा आकडा अधिक तुमचा, भागिले दोन. तिची नोंद दुप्पट करायची आणि त्यातून तुमचा आकडा वजा करायचा. उरेल तो तिच्या एकटीच्या हाताचा. वर्षभरातली सगळी अंतरं अशी सोडवून पुन्हा जाळ्यात घालते."

पारकर वाट बघत बसला. तिच्या एकटीचा फैलाव बारा येईल की पंधरा, एवढंच त्याला बघायचं होतं. पंधरा आला तर पेढे वाटायला हरकत नव्हती.

तीन मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. दोन.

"पुन्हा करा," पारकर म्हणाला.

बाईंनी पुन्हा केलं. दोन.

"असं कसं? मध्य काढल्याने चुका कमी होतात म्हणालात ना?"

"दोघं साधारण सारखे असतील तर होतात. एक फारच अचूक असेल, तर दुसऱ्याशी मध्य काढून तो आपलं माप बिघडवतो. दोन आणि आठ यांच्या मध्याचा फैलाव चाराच्या आसपास येतो. अगदी तोच आलाय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "कापडाला पट्टी लावणाऱ्या माणसाचा हात असतो तो. वीस वर्षं ती ना ताणते ना ढिली सोडते. तुम्ही नसतात तर ती पहिल्या महिन्यापासून दोनवर असती. माझ्या जहाजाचा नकाशा वर्षभर दुपटीने पुसट आला."

आपण तिला चढवलं, या कल्पनेत पारकरने कालची संध्याकाळ फार सुखात काढली होती.

"नियम तिनेही मोडला," तो शेवटी म्हणाला.

"मोडला. पाटी बघायची नाही, हे मी तिला आजच सांगणार आहे. तुमच्या तीन खिळ्यांचं मी आज कुणाला सांगत नाही, नकाशा दुरुस्त होईल. पण दोनाचा आकडा तिला तुम्ही सांगायचा. तो तुम्ही तिचा खाल्लाय." त्या दारापर्यंत जाऊन वळल्या. "कोठी एकदाच उघडणार आहे. आतलं प्रत्येक अंतर एकदाच मोजलं जाईल. ते जुळवून बघायला दुसरा आकडा नसेल. तिथे आठ आणि दोन यांत काय फरक पडतो ते मी तुम्हाला शिकवायला नको."

कुंदा दुपारी त्याला शोधत जेटीवर आली. चेहरा उतरलेला होता.

"काकानू, मॅडमनी सांगितल्यानी, पाटी बघूची नाय." ती त्याच्यापासून जरा लांब उभी राहिली. "तुमका सांगतंय, मी उतरून घेवक नाय. मधलो आकडो धरलंय. मापाचो ब्लाउज आणि आंगावरचा माप वेगळा इला की दुकानात मी मधलाच धरतंय, तशी सवयच पडली. तुमी सगळो तालुको मोजलास. तुमचो आकडो चुकतलो कसो? माका पाण्यात माझ्या हातावर भरवसोच नाय."

"तुमचो आकडो बगल्याशिवाय माका जमाचा नाय," ती पुढे म्हणाली. "कोठीत माका जावचा नाय. पुढच्या शनिवारी मी मॅडमका तसा सांगतलंय. तुमीच जावा."

अकरा वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते त्याच्या पुढ्यात येऊन पडलं होतं, आणि ते घ्यायला त्याने काहीच करायची गरज नव्हती. नुसतं 'बरं' म्हणायचं. किंवा तेही नाही. तो गप्प राहिला असता तरी चाललं असतं. दोनाचा आकडा फक्त बाईंना ठाऊक, आणि नको म्हणणाऱ्या बाईला त्या ओढून थोडीच नेणार होत्या? कोठीत त्याचे आठ कुणी तपासणार नव्हतं. तपासायला तिथे दुसरं कुणी नसणारच होतं.

आणखी एक गोष्ट त्याला त्याच क्षणी कळली, आणि ती फार लागली. अख्ख्या जगात त्याच्या मोजमापावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, ते हे. वर्षभर तो त्याच माणसावर जळत होता. आता तोंड उघडलं की तेही जाणार.

"कुंदा," तो म्हणाला, "माझो फैलाव आठ. तू भरतस तो चार. मॅडमनी तुझ्या आकड्यातसून माझो आकडो काढून बघितल्यानी."

"मगे?"

"दोन."

"ह्यो दोन कोणाचो?"

"तुझो. एकटीचो."

शिंपिणीला हिशेब समजायला वेळ लागत नाही, तो पटायला लागतो. "म्हणजे तुमच्या आकड्यान माझो आकडो बिघाडलो?"

"होय."

"वरसभर?"

"वरसभर. आणि ह्या आठवड्यात तीन खिळे मी मुद्दाम खोटे लिवलंय."

"कित्याक?"

"तू पयली होतस म्हणान."

कुंदाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाइकाने आणलेलं कापड उलगडल्यावर मध्येच कसर लागलेली दिसावी. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "माका वाटलेला, तुमचो हात धरून मी चलतंय," एवढंच ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिने त्याला काकानू म्हटलं नाही. पारकर म्हणू लागली.

तीन खिळ्यांची गोष्ट पारकरने पुढच्या शनिवारी यादी उमटायच्या आधीच सगळ्यांसमोर सांगितली. त्याचं नाव यादीतून गेलं आणि पाण्याखाली जाणंही. पहिलं नाव कुंदाचं होतं, पुढे आकडा दोन, आणि कोठीत जायला तिने आता नको म्हटलं नाही.

कोठी उघडायच्या दिवशी त्याला बोटीवर नोंद घ्यायला बसवलं. दुसरा कुणी मोकळा नव्हता. कुंदाच्या कानामागे बसवलेलं अस्थिध्वनक हाडातून तिचं बोलणं उचलून वर पाठवी आणि बोटीवरून विचारलेलं खाली पोचवी. डॉ. डिंगणकर आत प्रकाश धरून होत्या. आत काय दिसतं याचं वर्णन कुंदा करत नव्हती, ती मोजायला गेली होती. पारकरने विचारलंही नाही. विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. जळफळाट तोच जुना होता, तसूभरही कमी नाही. आपण इथे उन्हात कागद घेऊन बसलोय आणि ती तिथे आहे, यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

"पयल्या फासळीपासून दुसऱ्या फासळीपर्यंत," खालून आवाज आला. "तीनशे ब्याण्णव."

पारकरची पेन्सिल थांबली. बाहेरच्या बाजूने जहाजाच्या या लाकडी फासळ्यांमधलं अंतर त्याने अकरा वर्षांत कितीदा घेतलं होतं. त्याचा हिशेब चारशे सहा सांगत होता. चौदाचा फरक. इतका कसा असेल? त्याच्या मनाने आपोआप मध्य काढला, तीनशे नव्याण्णव, आणि हाताने तिनाचा आकडा काढलाही.

"लिवलास?" खालून विचारणा झाली.

तिनापुढे त्याने ब्याण्णव लिहिले.

"लिवलंय," पारकर म्हणाला. "फुडचो सांग."